सैल भिंगाची स्थिरता : कॅमेऱ्यातील कंप-निवारणाची यांत्रिक रचना

छायाचित्र धूसर येण्याची कारणे मुख्यतः तीन असतात: भिंगाची केंद्रजुळणी चुकलेली असते, समोरचा विषय हललेला असतो किंवा खुद्द कॅमेराच हललेला असतो. यांपैकी तिसऱ्या कारणाचा त्रास कोकणात विशेष जाणवतो. रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे परिसरात पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत झाडीखाली प्रकाश अपुरा असल्यामुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, तर उन्हाळ्यात ढोलीतल्या मादीला भरवणाऱ्या मलबारी कवड्या धनेशासारख्या पक्ष्याला बिचकवायचे नसेल, तर लांबूनच आणि म्हणून मोठ्या नाभीय अंतराच्या भिंगाने चित्र घ्यावे लागते. दीर्घ उघडीप आणि मोठे नाभीय अंतर या दोन्ही गोष्टी हाताच्या कंपाचा परिणाम वाढवतात.

हा परिणाम किती मोठा असतो, हे साध्या भूमितीने कळते. कॅमेरा एखाद्या कोनातून फिरला, की दूरच्या वस्तूची प्रतिमा सेन्सरवर साधारणपणे नाभीय अंतर गुणिले त्या कोनाची स्पर्शज्या इतकी सरकते. ०.१ अंशाच्या थरथरीने ५० मिमी भिंगात प्रतिमा सुमारे ०.०९ मिमी, तर ३०० मिमी भिंगात सुमारे ०.५२ मिमी सरकते. ३६ मिमी रुंदीच्या, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हे दुसरे अंतर ८५हून अधिक पिक्सेलांचे भरते. शटरचा वेग नाभीय अंतराच्या व्यस्तांकाइतका, म्हणजे ३०० मिमीसाठी सेकंदाचा ३००वा भाग, तरी ठेवावा हा छायाचित्रकारांचा जुना दंडक याच हिशेबावर उभा आहे.

या कंपावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे वजन आणि तिवई. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे, आणि ज्या हाताने फिल्म पुढे सरकायची त्याच हाताने कॅमेरा हादरण्याचा धोका असल्यामुळे भक्कम तिवई ही चित्रीकरणाची गरजच होती. १९७०च्या दशकात गॅरेट ब्राऊन यांनी विकसित केलेल्या स्टेडीकॅमने चालत्या माणसाच्या अंगावर कॅमेरा तोलून धरला, तरी स्थिर ठेवायचा होता तो संपूर्ण कॅमेराच. कॅमेरा हलू द्यावा आणि आतला एखादाच प्रकाशीय घटक उलट दिशेने सरकवून प्रतिमा जागेवर ठेवावी, हा विचार ग्राहकांच्या हाती पोहोचला तो पॅनासॉनिकच्या १९८८च्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून, निकॉनच्या १९९४च्या ‘झूम ७०० व्हीआर’ या छोट्या कॅमेऱ्यातून आणि कॅननच्या १९९५च्या ७५-३०० मिमी या बदलता येणाऱ्या भिंगातून.

या रचनेत सर्वप्रथम कंप मोजावा लागतो. त्यासाठी भिंगाच्या नळीत दोन सूक्ष्म जायरोस्कोप बसवलेले असतात. एक वर-खाली झुकण्याचा आणि दुसरा डावी-उजवीकडे वळण्याचा वेग टिपतो. त्यांच्यात चाक फिरत नसते. सतत कंपन पावणाऱ्या घटकाला वळण मिळाले, की कोरिऑलिस परिणामामुळे कंपनाच्या काटकोनात बल निर्माण होते आणि त्या बलावरून कोनीय वेग कळतो. या वेगाची कालानुसार बेरीज करून कोन काढला जातो. मात्र मापनातली बारीक चूकही बेरजेत साचत जाते, म्हणून अतिमंद बदल गाळून टाकावे लागतात.

त्यानंतर कोणते भिंग हलवायचे हे ठरते. ३०० मिमी, एफ/२.८ भिंगाचा पुढचा काचघटक किमान १०७ मिमी व्यासाचा असावा लागतो; एवढी जड काच झटपट हलवणे परवडत नाही. म्हणून संकल्पक मधल्या किंवा मागच्या भागातला लहान, हलका गट निवडतात. तो प्रकाशीय अक्षाला काटकोनात सरकला, की किरण वळतात आणि प्रतिमा सरकते. गट एक मिलिमीटर हलल्यावर प्रतिमा किती सरकते, या गुणोत्तराला संवेदनशीलता म्हणता येईल. ती जास्त असेल तर थोडक्या हालचालीत काम भागते, पण स्थान-नियंत्रणातली चूकही तितक्याच पटीने प्रतिमेत उतरते. ती कमी असेल तर नळीचा व्यास वाढवून गटाला फिरायला जागा द्यावी लागते. शिवाय अक्षावरून ढळलेला गट प्रतिमेत नवे दोष आणतो, त्यामुळे तो ढळलेल्या अवस्थेतही निर्दोष राहील असा आधीच आखावा लागतो.

यंत्ररचनेचा खरा कस लागतो तो या गटाच्या आधारात. गटाला एका प्रतलात दोन्ही दिशांना मोकळीक हवी, पण अक्षाच्या दिशेने त्याने तसूभरही हलता कामा नये, कारण तसे झाले तर केंद्रजुळणीच बिघडते. एका प्रचलित मांडणीत स्थिर चकती आणि हलती चौकट यांच्यामध्ये तीन सिरॅमिक गोळ्या ठेवून स्प्रिंगांनी चौकट त्यांच्यावर दाबून धरलेली असते. तीन बिंदूंनी प्रतल निश्चित होते, आणि गोळ्या घसरण्याऐवजी लोळत असल्याने घर्षण फारच कमी राहते. जास्त घर्षणात गट आधी अडकतो आणि मग एकदम सुटतो, त्यामुळे नेमका बारीक कंप दुरुस्त होत नाही. गटाला ढकलण्याचे काम चुंबक आणि कॉइल करतात, तर हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्रावरून त्याचे स्थान क्षणोक्षणी कळवतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध गट मध्यावर धरून ठेवण्यासाठीही वीज खर्च होते. कॅमेरा आडवा-उभा कसाही धरला जात असल्यामुळे एकाच दिशेच्या स्प्रिंगने हा भार उचलता येत नाही. म्हणूनच काही भिंगांत वीज बंद होताच गट जखडणारी कडी असते, आणि जिथे ती नसते तिथे बंद भिंग हलवल्यास आत खुळखुळ ऐकू येते.

हेतूने केलेली हालचाल कंपापासून वेगळी ओळखणे ही पुढची पायरी. धावत्या गाडीमागे कॅमेरा फिरवताना यंत्रणेने त्या दिशेची दुरुस्ती सोडून द्यावी लागते. अगदी जवळच्या वस्तूच्या चित्रणात वळण्याइतकेच कॅमेऱ्याचे समांतर सरकणेही घातक ठरते. त्यासाठी कॅननने २००९च्या १०० मिमी मॅक्रो भिंगात त्वरण मोजणाऱ्या सेन्सरची जोड दिली. अक्षाभोवतीचे फिरणे मात्र गोल भिंग सरकवून दुरुस्त होत नाही. त्यासाठी सेन्सरच हलवावा लागतो. मिनोल्टाने २००३ मध्ये सेन्सर सरकवण्याची पद्धत आणली आणि ऑलिंपसने २०१२च्या ‘ई-एम५’मध्ये ती पाच प्रकारच्या हालचालींपर्यंत नेली.

मोबाइलमध्ये हीच मोकळीक अधिक नाजूक होते. कित्येक रचनांत भिंगाची नळी बारीक तारांवर तोललेली असते. सावर्ड्यातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर हँडलला फोन अडकवून जाणाऱ्या दुचाकीस्वारांनी अ‍ॅपलचा २०२१चा इशारा लक्षात ठेवावा: मोटारसायकलच्या इंजिनाची तीव्र कंपने दीर्घकाळ बसल्यास कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची कार्यक्षमता घटू शकते.

मोजून उलट हलवण्याच्या या तत्त्वाचा भव्य आविष्कार खगोलशास्त्रात दिसतो. तिथे कॅमेरा स्थिर असतो आणि हलते ते वातावरण. पुण्यातील आयुका आणि अमेरिकेतील कॅलटेक या संस्थांनी मिळून घडवलेली ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर बसवण्यात आली. लेझरचा झोत वातावरणातून विखुरून परत येतो, त्यावरून प्रकाशलहरींतील विकृती मोजली जाते आणि लवचिक आरशाचा पृष्ठभाग तिच्या उलट आकारात वाकवला जातो. भिंगात एक गट सरकतो, तर इथे आरशाचे अनेक बिंदू स्वतंत्रपणे हलतात. मोजणे, उलट हलवणे आणि पुन्हा मोजणे हे चक्र मात्र तेच राहते.

उत्पादक जाहिरातीत देतात तो स्टॉपचा आकडा या साऱ्या रचनेचे एकच अंग दाखवतो. प्रत्येक स्टॉपला उघडीपीचा वेळ दुप्पट होत असल्याने चार स्टॉपचा लाभ म्हणजे सेकंदाच्या ३००व्या भागाऐवजी सुमारे २०व्या भागात हाती धरून चित्र घेता येणे. पण तेवढ्या वेळात धनेशाचे पंख हललेच, तर कोणतीही यंत्रणा ते थांबवू शकत नाही. भिंगाच्या नळीत एरवी प्रत्येक काच घट्ट बसवणे हे कारागिरीचे लक्षण मानले जाते. कंप-निवारणाने त्यात एक अपवाद आणला, आणि एक गट किती, कुठल्या दिशेने व कशाच्या आधारावर सैल सोडायचा, या निर्णयावरच आता सगळ्या भिंगाची गुणवत्ता जोखली जाते.