पीएचडी झालेले शाळामास्तर

वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या तळघरात १८७० साली कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा भरू लागली. अमेरिकेतलं हे त्यांच्यासाठीचं पहिलं सरकारी हायस्कूल. १८९१मध्ये शाळेला एम स्ट्रीटवर हक्काची इमारत मिळाली. १९१६मध्ये आणखी मोठी जागा मिळाली आणि कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं नावही लागलं.

इथला शिक्षकवर्ग पाहिला की चक्रावायला होतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना पहिल्यांदा पीएचडी मिळाली १९२१ साली, तिघींना. त्यांतल्या जॉर्जियाना सिम्पसन आणि इव्हा डाइक्स इथेच शिकवत, तर सॅडी मॉसेल इथल्याच माजी विद्यार्थिनी. हार्वर्डचे पीएचडी, इतिहासकार कार्टर वुडसन यांनीही इथे मास्तरकी केली. एवढी विद्वान मंडळी हायस्कुलात कशी? गोऱ्यांची विद्यापीठं त्यांना उभं करत नव्हती, म्हणून!

अ‍ॅना ज्यूलिया कूपर यांचा जन्म गुलाम आईच्या पोटचा. १९०२मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या. या मुलांना हातकाम शिकवा, लॅटिन कशाला, असा तेव्हाचा सूर. बाईंनी लॅटिन सोडलं नाही आणि इथली मुलं हार्वर्डपर्यंत पोचली. १९०६मध्ये बाईंचं पद गेलं. काही वर्षांनी त्या त्याच शाळेत परतल्या, लॅटिन शिकवायलाच. १९२५मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या सोर्बोनची डॉक्टरेट घेतली. शाळेला नाव द्यायचंच होतं, तर ते बाईंचं शोभलं असतं.

रक्तद्रव साठवण्याचं तंत्र विकसित करणारे डॉ. चार्ल्स ड्र्यू इथले. वकील चार्ल्स ह्यूस्टन इथलेच. थरगुड मार्शल यांना त्यांनी घडवलं. शाळांतली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निकाल मार्शल आणि सहकाऱ्यांनी मिळवला. तो पाहायला ह्यूस्टन मात्र नव्हते. १९५०मध्येच ते गेले.

त्या निकालाने डनबारचंही रूप पालटलं. शहरभरातून मुलं घेणारी ही शाळा आता आसपासच्या वस्तीपुरती उरली. शिकलेल्या घरांतली मुलं इतरत्र जाऊ लागली आणि दबदबा ओसरला. माजी विद्यार्थ्यांचा विरोध असूनही १९७७मध्ये जुनी इमारत पाडली गेली. सध्याची इमारत २०१३ची आहे.

हा इतिहास सांगून काही जण 'वेगळ्या शाळाच बऱ्या होत्या' असा निष्कर्ष काढतात. तो साफ चुकीचा आहे. विद्यापीठांनी नाकारलेल्या विद्वानांचा लाभ या एका शाळेला झाला, इतकंच. त्याच काळात दक्षिणेतल्या असंख्य कृष्णवर्णीय मुलांच्या हाती गोऱ्यांच्या शाळांनी वापरून टाकलेली पुस्तकं पडत होती.