शॅडोरन

शॅडोरन हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ, म्हणजेच रोलप्लेइंग गेम, आहे. अमेरिकेतील फासा कॉर्पोरेशनने तो १९८९ साली प्रसिद्ध केला. (कंपनीच्या नावाचा आपल्या ‘फासा’ या शब्दाशी संबंध नाही.) बॉब शॅरेट, पॉल ह्यूम व टॉम डाउड हे त्याचे रचनाकार होत. यंत्रे व संगणकांनी व्यापलेले सायबरपंक भविष्य आणि जादूचे अद्भुत जग यांचा त्यात मेळ घातला आहे.

कथाविश्व

कथेनुसार डिसेंबर २०११ मध्ये माया कालगणनेचे एक युग संपून जादू परत येते. अभ्यासक हा शेवट साधारणतः २०१२ मध्ये मानतात. फुजी पर्वताजवळ ड्रॅगन प्रकटतो. माणसांतूनच एल्फ, बुटके, ऑर्क व ट्रोल निर्माण होतात. पहिल्या आवृत्तीचा काळ २०५० असून मुख्य स्थळ सिअ‍ॅटल आहे. तेथे बड्या कंपन्यांच्या आवारात त्यांचाच कायदा चालतो. त्यांची छुपी कामे पैसे घेऊन करणारे ते ‘शॅडोरनर’. काम देणारा खरे नाव सांगत नाही. त्याला ‘मिस्टर जॉन्सन’ म्हणतात.

खेळण्याची रीत

एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो; इतर प्रत्येकी एक पात्र वठवतात. कोणी मांत्रिक, कोणी संगणकजाळ्यात शिरणारा डेकर, तर कोणी यंत्रावयव बसवलेला लढवय्या असतो. २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून अंगभूत गुण व कौशल्य यांच्या बेरजेइतके फासे टाकतात. चपळाई ४ आणि लपण्याचे कौशल्य ३ असल्यास ७ फासे. त्यांतील ५ किंवा ६ चे दान यश धरले जाते. अर्ध्याहून अधिक फाशांवर १ पडल्यास, यश मिळूनही, काहीतरी बिघडते.

खेळाचा खरा गाभा मात्र फाशांपेक्षा ‘इसेन्स’ या गुणात, म्हणजे सत्त्वात, आहे. आरंभी ते ६ असते. शरीरात बसवलेले प्रत्येक यंत्र त्यातून काही घेते. हालचाली वेगवान करणाऱ्या तारा पहिल्या प्रतीच्या असल्या तरी २ गुण जातात, आणि ६ जादू असलेल्या मांत्रिकाने त्या बसवल्यास त्याची जादू ४ वर येते. यंत्र काढून टाकले तरी गेलेले सत्त्व परतत नाही. ते संपले की सामान्यतः पात्र मरते. शिवाय सत्त्व जितके कमी, तितका जादूने उपचार करणे अवघड. त्यामुळे गटातील सर्वांत बलवान लढवय्या जखमी झाला, तर त्याच्याच सोबत्याचा मंत्र त्याच्यावर नीट चालत नाही.