सायकलीवर सहस्रकुंड, मुक्काम शेतावर

सहल ही काही श्रीमंतांचीच मिरासदारी नव्हे! आमच्या किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड धबधबा आहे, उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेने यावे. पायी वा सायकलीने शिवार, जंगल पाहावे.

पण मुक्काम कुठे? 1934 साली वेरूळला निघालेल्या बाबासाहेबांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दौलताबाद किल्ल्यात हौदाच्या पाण्याने हात-पाय धुतले म्हणून शिवीगाळ सोसावी लागली. प्रवासात माणसाचा मान आधी लागतो, गादी-उशी नंतर.

राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार शेतकरी कुटुंबाला नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. आपल्यातील शेतकरी कुटुंबांनीही हे करावे, असे आम्ही म्हणतो. दोन स्वच्छ खोल्या, ज्वारीची भाकरी, पिठलं आणि जात न विचारता उघडणारे दार!