जुने रूप, नवे यंत्र

इंदूरजवळील पीथमपूर येथे तयार होणारी जावा मोटारसायकल २०१८ साली बाजारात आली, तेव्हा मागणी एवढी झाली की काही महिने नोंदणीच थांबवावी लागली. म्हैसूरला साठच्या दशकात बनणाऱ्या जावाचे हे नवे रूप. टाकी, गोल दिवा, दोन सायलेन्सर सारे जुन्या वळणाचे. अंतरंग मात्र निराळे.

जुने इंजिन टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलातच तेल मिसळावे लागे. आणि गंमत अशी, की गाडी सुरू करावयाची किकच पुढे वळविली म्हणजे गियरचा दांडा होई! नवे इंजिन फोर-स्ट्रोक, प्रारंभी २९३ सी.सी.चे, पाण्याने थंड होणारे. मग सिलिंडरवर पट्ट्या कशाला? पूर्वी त्या इंजिनाची उष्णता हवेत सोडीत. आता ते काम मुख्यतः रेडिएटर करतो. पट्ट्या बव्हंशी शोभेच्या. आम्हांस यात फसवणूक दिसत नाही. पण पैसे मोजणाऱ्याने हे जाणलेले बरे.

किक आता नाही. बॅटरी उतरल्यास पायाने गाडी सुरू करण्याचा उपाय उरत नाही. जुनी गाडी घेताना आणखी एक पाहावे. चाक घसरू न देणारी ए.बी.एस. ब्रेकयोजना पहिल्या गाड्यांत पुढच्याच चाकास होती. दोन्ही चाकांची पुढे आली.