महानगराची हद्द भद्रावतीपर्यंत

नागपूर–चंद्रपूर महामार्गावरच्या भद्रावतीची ओळख बाहेरच्या माणसाला सहसा दोन गोष्टींमुळे होते. जैन यात्रेकरू पार्श्वनाथाच्या दर्शनाला येतात आणि ताडोबा पाहायला निघालेले पर्यटक याच तालुक्यातल्या मोहर्लीच्या फाटकाशी पोहोचतात. तिसरी ओळख फारशी कुणाला ठाऊक नसते. गावाजवळ वीजवहन कंपनी पॉवरग्रिडचे एक केंद्र आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस ते सुरू झाले, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी एका लयीत चालत नव्हती. ती थेट जोडणे धोक्याचे होते. म्हणून एका बाजूची वीज इथे डीसीमध्ये बदलायची, लगेच पुन्हा नेहमीच्या रूपात आणायची आणि पलीकडच्या जाळ्यात सोडायची. क्षमता 1000 मेगावॉट. 2013च्या शेवटच्या दिवशी दोन्ही जाळी एका लयीत आली. तोपर्यंत मधला मोठा दरवाजा भद्रावतीत होता.

त्याच सुमारास, 1999 मध्ये, चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची डीसी वाहिनी सुरू झाली. शेते, जंगले, नद्या ओलांडत ती 1500 मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या उंबरठ्यावर नेऊ शकते. मुंबईच्या वाढीची गोष्ट सांगताना लोकल, झोपडपट्टी आणि उड्डाणपूल यांच्या बरोबरीने या तारांचाही उल्लेख व्हायला हवा.

एक कोटीपेक्षा जास्त वस्तीच्या शहराला महानगर म्हणायचे, ही संयुक्त राष्ट्रांची मोजणी. 1950 मध्ये अशी दोनच शहरे होती, न्यूयॉर्क आणि टोकियो. 2018 मध्ये ती 33 झाली आणि त्यातली पाच भारतात: दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, चेन्नई. आकडे माणसांचे आहेत. पण एवढ्या माणसांना लागणारी वीज, पोलाद, सिमेंट शहराच्या हद्दीत तयार होत नाही. ते जिथे तयार होते तिथली जमीन, पाणी आणि हवा त्या शहराच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

हा हिशेब एका खोलीपुरता मांडून पाहता येतो. उन्हाळ्यात रात्रभर एसी चालला तर ढोबळमानाने आठ युनिट वीज लागते. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीच्या गारव्यामागे साडेपाच किलोच्या आसपास कोळसा. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, बऱ्याचदा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यामुळे सकाळी एसी बंद होतो तेव्हा कुठल्या तरी औष्णिक केंद्राच्या आवारात दोनेक किलो राख पडलेली असते. आणि ज्या चंद्रपुरातून ही वीज निघते, तिथे मे महिन्यात पारा 47–48 अंशांना टेकतो.

भद्रावती तालुक्यातला कोळसा फक्त महाराष्ट्रासाठीही नाही. बरांजची उघडी खाण कर्नाटकाच्या वीज महामंडळासाठी सुरू झाली. तिथला कोळसा बळ्ळारीच्या केंद्राला जायचा. म्हणजे बंगळूरच्या दिव्यांचा एक धागा बरांजच्या शिवारात येऊन मिळतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले 204 कोळसापट्टे रद्द केले, त्यात बरांजही होते. पुढल्या वर्षी खाण बंद पडली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. या सगळ्या काळात गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र लोंबकळतच राहिला.

उघडी खाण गावाच्या शेजारी कशी वाढते, हे या भागात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. आधी वरची माती आणि खडक काढतात. हे ढिगारे, इथल्या बोलीत ‘ओबी’, बघता बघता टेकड्यांएवढे होतात. सुरुंग उडाला की भिंतींना तडे जातात. खड्डा खोल जाईल तसे आसपासच्या विहिरींचे पाणी खाली उतरते. नदीनाल्याच्या काठी ओबी टाकली तर पावसाळ्यात पाण्याची वाट बदलते. चंद्रपूरकरांनी इरई नदीच्या पुरात हे अनुभवले आहे. जमीन गेली की सातबारावर नाव असलेल्याला मोबदला मिळतो, कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरीही बसते. पण ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, त्या शेतमजुराच्या, गुराख्याच्या, गावच्या सुताराच्या हाती काय लागते? ‘प्रकल्पग्रस्त’ या शिक्क्यासाठीसुद्धा त्यांना झगडावे लागते, आणि हा अन्याय फार काळ किरकोळ मानला गेला आहे.

काही वेळा तर जमीन गेली आणि प्रकल्पही आला नाही. नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्रो कंपनीच्या वीज प्रकल्पासाठी भद्रावतीजवळच्या शेतकऱ्यांकडून जमिनी घेतल्या गेल्या. प्रकल्प उभाच राहिला नाही आणि एक पिढी नोकरीची वाट पाहता पाहता म्हातारी झाली.

भद्रावती काही कालचे गाव नव्हे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ.स. 772 चा ताम्रपट ‘भांदक ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो; भांदक हे भद्रावतीचेच दुसरे नाव. विजासनची बौद्ध लेणी तर त्याहून जुनी आहेत. मुंबई बेटांच्या रूपात विखुरलेली होती त्या काळात इथे नांदती वस्ती होती. आजचे शहर मात्र 1960च्या दशकातल्या आयुध निर्माणीने आणि मागोमाग वाढलेल्या कोळशाने घडवले. 2011च्या जनगणनेत नगर परिषदेच्या हद्दीत सुमारे 60 हजार माणसे होती. निर्माणीची आखीव वसाहत एकीकडे, आणि दुसरीकडे महामार्गाच्या कडेने जमेल तशी पसरत गेलेली दुकाने, गॅरेजे, भाड्याच्या खोल्या.

नियोजनाच्या बाहेर खरी वाढ होते ती अशाच ठिकाणी. वस्ती 5000 च्या वर, घनता चौरस किलोमीटरला किमान 400, आणि 75 टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर, एवढे जुळले की जनगणना त्या गावाला शहर मानते. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो. देशात अशी जनगणना शहरे 2001 मध्ये 1362 होती, 2011 मध्ये 3894 झाली. याच जिल्ह्यातल्या घुग्घुसचे लोक नगर परिषदेसाठी वर्षानुवर्षे भांडत राहिले, तेव्हा कुठे ती मिळाली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राला लागून असलेल्या दुर्गापुरात वस्ती, झुडपे आणि खाणीचे आवार एकमेकांत मिसळले आहेत. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका किशोराचा बळी घेतला. पथदिवे, वेळेवर उचललेला कचरा आणि साफ केलेली झुडपे ही एरवी नगरपालिकेची नेहमीची कामे. इथे ती जीव वाचवणारी कामे आहेत.

2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली. 83.88 गुणांसह चंद्रपूर चौथे आले आणि काही काळ नव्या प्रकल्पांना मनाई झाली. आता खाणी-कारखान्यांची तीच रेघ पूर्वेकडे ओढली जात आहे. 2011 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात शहरी वस्ती जेमतेम 11 टक्के होती. आज सुरजागडचे लोहखनिज ट्रकांतून धावते आहे आणि कोनसरीत पोलाद कारखाना उभा राहतो आहे. ट्रकांच्या थांब्याभोवती चहाटपऱ्या, मग खोल्या, मग चाळी, असा क्रम चंद्रपूर जिल्ह्याने पाहिला आहे. आष्टी–आलापल्लीच्या वाटेवर सांडपाण्याची आखणी चाळींच्या आधी करायला अजून वेळ गेलेली नाही.

पैसा नाही, असे इथे म्हणता येत नाही. 2015च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनंतर खाणपट्टेधारकांना स्वामित्वधनाच्या 10 ते 30 टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. ती खाणबाधितांच्या पिण्याच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर आधी खर्च व्हायला हवी, सभागृहांवर आणि प्रवेशद्वारांवर नव्हे. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावच्या वाट्याचा हिशेब मागितला पाहिजे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर पाण्याच्या टाकीपासून दवाखान्याच्या खाटांपर्यंतचे अंदाज 2011च्याच आकड्यांवर बांधले जाणार. दरम्यान माजरीच्या खाणवस्तीत आणि महामार्गाकाठच्या गावांत आणखी किती कुटुंबे येऊन राहिली, किती जणांनी शेती सोडली, हे त्या मोजणीत पहिल्यांदा कागदावर येईल. ते आकडे हाती पडतील तेव्हा कोणत्या ग्रामपंचायतीला नगर पंचायत द्यायची आणि कोणत्या गावाला आधी गटारे, हा निर्णय जिल्ह्याला लगेच करता यावा, यासाठी या गावांचे विकास आराखडे आजपासूनच तयार ठेवावे लागतील.