हॅलोवीनच्या दिवशीची पत्रं

३१ ऑक्टोबर १९७७. सीआयएच्या गुप्त कारवाया सांभाळणाऱ्या विभागात सुमारे २०० जणांच्या हाती नोकरीतून कमी केल्याची त्रोटक पत्रं पडली. संचालक ॲडमिरल स्टॅन्सफिल्ड टर्नर यांना तिथली ८२० पदं घटवायची होती. बरीचशी पदं निवृत्तीनंतर न भरताच कमी झाली. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही खरं काम न सांगता आयुष्य काढलेल्या माणसांना असा कोरडा निरोप देणं क्रूरच होतं. दाद तरी कुठे मागायची? १९४७च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानुसार देशहितासाठी कुणालाही काढणं संचालकाच्या मर्जीवर होतं. १९८८मध्ये ‘वेब्स्टर विरुद्ध डो’ खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ही मर्जी मान्य केली. मात्र घटनात्मक हक्क डावलल्याची तक्रार न्यायालयात ऐकली जाईल, असा निर्वाळा दिला.