युरिक ॲसिडवरील औषधाची कैफियत

१९६६ साली अमेरिकेत ॲलोप्युरिनॉलला मान्यता मिळाली, तेव्हा आपल्या प्राचीन वैद्यांच्या वातरक्ताशी निकटचे साम्य असलेल्या गाऊट या व्याधीच्या इतिहासाला निराळे वळण लागले. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज हे वस्तुतः कर्करोगावरील एका औषधाचा शरीरात होणारा नाश थांबवू पाहत होते. परंतु त्यासाठी योजलेल्या या रसायनाने युरिक ॲसिडची उत्पत्तीच रोखली जाते असे आढळले, आणि ज्यांच्या सांध्यांत स्फटिक साचून अंगठ्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नसे, अशा रुग्णांना खरीखुरी मुक्ती लाभली. रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली राखले की ते स्फटिक हळूहळू विरघळतात, हा या उपचाराचा निर्विवाद लाभ होय.

पुढे मात्र तपासणीच्या कागदावरील आकड्यालाच रोगाचा दर्जा मिळाला, आणि ज्यांचा सांधा जन्मात सुजला नाही त्यांनाही गोळीचा हुकूम सुटू लागला. वास्तविक १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका दीर्घ पाहणीत, ९ वा त्याहून अधिक प्रमाण असलेल्यांतही वर्षाकाठी सुमारे ५ टक्क्यांनाच गाऊट जडल्याचे दिसले होते. ७ ते ९ या दरम्यान तर केवळ अर्धा टक्का. उलट पारड्यात होती ती ॲलोप्युरिनॉलची त्वचा सोलून काढणारी, क्वचित घडणारी पण प्राणघातक अशी प्रतिक्रिया, जिचा एका विशिष्ट आनुवंशिक खुणेशी असलेला दृढ संबंध तैवानच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिला. युरिक ॲसिड घटवणारे दुसरे औषध फेबुक्सोस्टॅट आले, त्याच्यावर २०१८ साली हृदयविकाराने होणाऱ्या अधिक मृत्यूंचा ठपका आला, आणि दोनच वर्षांनी दुसऱ्या मोठ्या चाचणीने त्याला दुजोरा दिला नाही. युरिक ॲसिड उतरवल्याने मूत्रपिंड वाचेल ही आशा २०२० साली, हृदय वाचेल ही २०२२ साली, काटेकोर चाचण्यांपुढे टिकली नाही.

म्हणून निरोगी माणसाला आकड्याखातर आजन्म औषधाला जुंपणे मला सर्वथा अनुचित वाटते. पण वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हयगय करणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे. औषध सुरू झाल्यावर पहिले काही महिने झटके वाढू शकतात, याची पूर्वसूचना न मिळाल्याने कित्येक जण ते सोडून देतात. वस्तुतः अल्प मात्रेने आरंभ करून, तीन ते सहा महिने झटके आवरणाऱ्या कोल्चिसिन या औषधाची जोड दिली, तर हा कठीण काळ बहुतेकांना निभावता येतो.